कारागृहातील पैशाचा वर्ग : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते एप्रिल २०२५

महाराष्ट्रातील एका मध्यवर्ती कारागृहात दर मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही जीवनकौशल्यांचा आणि अर्थसाक्षरतेचा जो वर्ग घेतो, त्याच्या या नोंदी आहेत. माझ्यासोबत बँकेतून निवृत्त झालेले एक सहकारी असतात; बंदी त्यांना 'साहेब' म्हणतात आणि मला 'ताई'. वर्ग सकाळी साडेदहाला सुरू होतो आणि दुपारी बराकी बंद होण्याआधी आटोपावा लागतो. कोणत्याही बंद्याचे नाव, गाव किंवा गुन्ह्याचे कलम वहीत लिहायचे नाही, असे आम्ही आधीच ठरवले आहे. त्यामुळे या नोंदींत माणसे त्यांच्या कामावरून ओळखली जातील.

मंगळवार, ७ जानेवारी

सिद्धदोष पुरुष बंद्यांचा पहिला वर्ग ग्रंथालयाच्या खोलीत झाला. बावीस जण आले. फळ्यावर 'बचत' हा शब्द लिहून सुरुवात करायची, असे योजनेत होते, पण साहेबांनी खडू खाली ठेवला आणि सरळ विचारले, "आज तुमच्या नावावर किती पैसे जमा आहेत, कोणाला सांगता येईल का?" चार हात वर झाले. मजुरी मिळते, ती खात्यावर जमा होते आणि त्यातूनच कॅन्टीनचा खर्च वजा होतो, एवढे सर्वांनाच ठाऊक होते. पण शिल्लक किती आहे हे विचारता येते आणि विचारल्यावर सांगितले जाते, हे कित्येकांच्या ध्यानातच उरलेले नव्हते. आत रोख पैसा हाताळता येत नाही. घरून येणारी मनीऑर्डर असो किंवा कारखान्यातली मजुरी असो, बंद्याच्या दृष्टीने ती कुणा दुसऱ्याच्या नोंदवहीतला एक आकडा असते, आणि ज्या पैशाला वर्षानुवर्षे हात लागत नाही तो आपला वाटेनासा होतो.

हात वर करणाऱ्या चौघांत सुतारकामातले एक काका होते. त्यांनी खिशातून बिस्किटांच्या पुड्याचा कागद काढला. आतली पांढरी बाजू वर करून त्यावर पेन्सिलीने मधोमध रेघ मारलेली होती; डावीकडे 'आले', उजवीकडे 'गेले'. उजवीकडच्या बारीक अक्षरांत साबण, टूथपेस्ट, फरसाण, पोस्टाची पाकिटे अशा ओळी होत्या आणि प्रत्येक महिन्याखाली बेरजेची जाड रेघ होती. घड्यांवर कागद विरला होता, तेथे आतून भाताची खळ लावून दुसरा तुकडा चिकटवलेला होता. "मागच्या दिवाळीपासून सव्वीस रुपयांचा फरक येतोय," ते म्हणाले, "पण विचारायचं कुणाला?"

आजचा बाकीचा वर्ग त्या कागदावरच झाला. हिशेबाच्या सोयीसाठी रोजची मजुरी साठ रुपये आणि महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस धरले, म्हणजे महिन्याला दीड हजार झाले. त्यातले नऊशे कॅन्टीनला गेले तरी सहाशे उरतात आणि वर्षाचे ७,२०० होतात. आठ वर्षांची शिक्षा भोगणाऱ्या एकाने हा आकडा आठने गुणून पाहिला, मग पुन्हा एकदा गुणून पाहिला आणि वहीचे पान दुमडून ठेवले.

शुक्रवार, १० जानेवारी

अभ्यासक्रमाबद्दल दोघांची बैठक. जागतिक आरोग्य संघटनेने मांडलेली दहा जीवनकौशल्ये आमच्या योजनेत एकेका तासाला एक अशी वाटून दिलेली होती आणि अर्थसाक्षरता त्यांच्यानंतर येणार होती. ही वाटणी आम्ही मोडली. सुतारकाकांना बेरीज येते, हिशेब ठेवता येतो, चिकाटीही आहे. सव्वीस रुपयांबद्दल कार्यालयात शांतपणे विचारणा कशी करावी, एवढेच त्यांना कुणी दाखवलेले नाही. पैशाचे ज्ञान आणि माणसाशी बोलण्याचे बळ या दोन गोष्टी येथे एकाच दोरीचे पीळ आहेत. यापुढे प्रत्येक वर्गात आधी पैशाचा एखादा खरा प्रश्न घ्यायचा आणि त्यासाठी कोणाशी, कसे, काय बोलावे लागेल याचा सराव त्याच वर्गात करायचा, असे ठरले.

मजुरीच्या हक्काविषयी एक पानी टिपण तयार केले. सक्तमजुरीची शिक्षा असली तरी श्रमाचा न्याय्य मोबदला दिला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली गुजरातच्या प्रकरणात सांगितले. बंद्यांना कसे वागवावे याविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांतील १०३ वा नियमही हेच सांगतो आणि मोबदल्याचा काही भाग घरी पाठवण्याची व काही भाग सुटकेच्या दिवसासाठी राखून ठेवण्याची सोय असावी, अशी त्यात भर घालतो. कोणाला कोणते काम मिळते यावर मजुरी ठरत असल्यामुळे ३ ऑक्टोबर २०२४ चा सुकन्या शांता प्रकरणातील निकालही टिपणात घेतला. तुरुंगात जात पाहून काम वाटण्याच्या नियमांना त्या निकालाने घटनाबाह्य ठरवले आहे.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ नेण्याची परवानगी काल संध्याकाळी मिळाली आणि वर्गाची सुरुवात त्यानेच झाली.

आजचा वर्ग न्यायाधीन तरुणांचा होता, अठरा ते पंचवीस वयोगटातील. देशातील कारागृहांत २०२२ च्या अखेरीस ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतील ४,३४,३०२ न्यायाधीन होते. म्हणजे चारांतले तिघे असे, की ज्यांचा दोष अजून सिद्ध झालेला नाही. ही मुले उद्या सुटतील की दोन वर्षांनी, हे कोणीच सांगू शकत नाही. त्यामुळे त्यांचा प्रत्येक वर्ग स्वतंत्रपणे पुरा होईल असाच आखावा लागतो. स्वतःच्या खटल्याबद्दल वर्गात काहीही बोलायचे नाही, हा नियम सुरुवातीलाच सांगितला, कारण येथे बोललेला शब्द त्यांच्या वकिलाला अडचणीचा ठरू नये.

तरीही विषय त्यांच्याकडूनच निघाला. "कुणी खातं भाड्यानं मागितलं तर?" असे एकाने विचारले आणि खोलीत शांतता पसरली. पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेले सिमकार्ड एखाद्या ओळखीच्याला चार-पाच हजारांत देऊन टाकायचे आणि मग त्या खात्यातून कुणा परक्याचे लुबाडलेले लाखो रुपये फिरायचे, हा प्रकार आता गावोगाव पोचला आहे. साहेबांनी फळ्यावर पैशाचा रस्ता काढून दाखवला. फसवला गेलेला माणूस एका टोकाला, पैसे काढून घेणारा दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या प्रत्येक चौकोनात कुणाचे तरी नाव, आधार क्रमांक आणि पत्ता. तपास सुरू झाला की पोलीस सर्वांत आधी या मधल्या चौकोनाच्या दारात येतात, कारण कागदोपत्री सापडणारा तोच असतो.

हे मुलांना अर्धवट का होईना, पण माहीत होते. अडचण वेगळी होती आणि ती एका मुलाने फार नेमक्या शब्दांत सांगितली : "ताई, त्याच्या गाडीवर फिरलो, त्याच्या पैशानं जेवलो, मग त्याला नाही कसं म्हणायचं?" नकार देणे ही आपल्याकडे शिकवण्याची गोष्ट मानली जात नाही. तो उद्धटपणा समजला जातो आणि दोस्तीत तर गद्दारी. उरलेला तास आम्ही फक्त नकाराचा सराव केला. दोघांदोघांच्या जोड्या करून एकाने मागायचे, दुसऱ्याने दोस्ती न तोडता नाही म्हणायचे. पहिल्या फेरीत सगळ्यांनी थापा मारल्या : कार्ड हरवले आहे, खाते बंद आहे. मागणाऱ्याने प्रत्येक थापेवर तोड काढली, तेव्हा थाप फार वेळ टिकत नाही हे त्यांचे त्यांनाच दिसले. तिसऱ्या फेरीत एकजण म्हणाला, "तुला पैशाची नड असली तर माझ्याकडं आहेत तेवढे देतो, पण खातं माझ्या आईच्या नावासारखं आहे, ते देणार नाही." हे वाक्य सर्वांनी वहीत उतरवून घेतले.

मंगळवार, २१ जानेवारी

आजची नोंद सविस्तर लिहीत आहे, कारण आम्हांला स्वतःला आजच्या इतके दुसऱ्या कोणत्या वर्गाने शिकवलेले नाही.

विषय कर्जाचा होता. सिद्धदोष बंद्यांपैकी बहुतेकांच्या घरी वकिलाच्या फीसाठी कर्ज झालेले असते. कोणी भावकीकडून, कोणी बचत गटातून, कोणी सावकाराकडून. साहेबांनी विचारले की बँकेचे कर्ज स्वस्त की सावकाराचे. सावकाराचे, असे उत्तर इतक्या जणांनी इतक्या ठामपणे दिले, की आम्ही क्षणभर गोंधळलो. कारण विचारले तेव्हा एकजण म्हणाला, "बँक बारा टक्के घेते साहेब, आमचा सावकार पाचच घेतो." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

बँकेचे बारा टक्के वर्षाचे असतात. सावकाराचे पाच म्हणजे 'शेकडा पाच', शंभराला महिन्याला पाच रुपये, वर्षाचे साठ. आपल्या गावागाड्यात व्याज महिन्याच्या शेकड्यावर बोलले जाते, हे आम्हांला ऐकून माहीत होते. पण बोलण्याच्या या एका रीतीमुळे महाग कर्ज स्वस्त वाटू शकते, हे कधी लक्षात आले नव्हते. या माणसांना हिशेब येत नाही असे मुळीच नाही. दोन वेगळी मापे एकाच शब्दाने ओळखली जातात आणि तेथेच ती फसतात. पायली आणि किलो यांना एकच नाव असते, तर बाजारात जे झाले असते, तेच येथे होते.

फळ्यावर ४०,००० रुपये लिहिले. शेकडा पाचने महिन्याचे व्याज २,००० आणि वर्षाचे २४,०००. मुद्दलातला एक रुपयाही न फिटता. बारा टक्क्यांनी बँकेचे वर्षाचे व्याज फार तर ४,८००. मग 'जिव्हाळा' योजनेचा दाखला दिला. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२ साली येरवडा मध्यवर्ती कारागृहातील बंद्यांसाठी ती सुरू केली. ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज, ७ टक्के व्याज, तारण नाही, जामीनदार नाही आणि हप्ता बंद्याच्या मजुरीतून. त्या दराने ४०,००० चे वर्षाचे व्याज २,८०० च्या पुढे जात नाही. बंद्याची मजुरी ही ऐपत म्हणून कुणी धरली, ही मला त्या योजनेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. वर्गातही व्याजदरापेक्षा याच गोष्टीवर जास्त वेळ बोलणे झाले.

शिवणकाम विभागातला एक तरुण मात्र फळ्याकडे बघत गप्प बसून होता. त्याच्या भावाने चौदा महिन्यांपूर्वी बरोबर चाळीस हजारच शेकडा पाचने उचलले होते. म्हणजे आजवर २८,००० गेले आणि कर्ज होते तेवढेच उभे होते. हे त्याने आपल्या तोंडाने सांगितले आणि तेवढ्यात वेळ संपली.

शुक्रवार, २४ जानेवारी

फाटकावरच हवालदारांनी सांगितले की मंगळवारी रात्री आणि बुधवारी सकाळी त्या तरुणाने जेवण घेतले नाही. शेजारच्या बंद्यांनी त्याच्यावर लक्ष ठेवले आणि हवालदारांनी स्वतः त्याच्याशी बोलून त्याला दवाखान्यात समुपदेशकाकडे नेले. हे आमच्या हातून घडले. बाहेरच्या माणसाला कर्जाचा आकडा कळला, तर तो निदान उठून कुणाला तरी फोन करतो. येथे आकडा कळल्यानंतर बराकीचे दार बंद होते आणि घरच्यांशी पुढची मुलाकात (भेट) होईपर्यंत तो त्या आकड्याशी एकटा असतो. यापुढे ज्या दिवशी कर्जाचा हिशेब मांडला जाईल, त्या दिवशी शेवटचा अर्धा तास 'आता पहिले पाऊल कोणते' याला राखून ठेवायचा, आणि अशा वर्गाची पूर्वकल्पना समुपदेशकांना द्यायची, असा नियम आम्ही स्वतःसाठी केला आहे.

आजचा वर्ग मुलाकातीच्या तयारीचा. काचेच्या दोन बाजूंना बसून वीस मिनिटे बोलायचे असते. त्यातली पहिली पाच मिनिटे रडण्यात जातात आणि शेवटची पाच 'काळजी घे' म्हणण्यात. घरचे कर्जाबद्दल सांगत नाहीत, कारण आतल्याला ताप नको. आतला विचारत नाही, कारण आपल्यामुळेच झाले आहे. मधल्या दहा मिनिटांत चार प्रश्न विचारता यावेत एवढाच सराव केला : किती घेतले, कोणाकडून घेतले, दर महिन्याला किती जाते आणि कागद कोणता दिला आहे. शिवणकामातल्या तरुणाचा भाऊ मी झाले. तीनदा तो पहिल्या प्रश्नावर अडखळला. चौथ्यांदा म्हणाला, "दादा, मला राग नाही, मला फक्त आकडा सांग."

सावकारीच्या कायद्याचीही माहिती दिली. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानुसार सावकाराला परवाना लागतो, कमाल व्याजदर शासन ठरवते, चक्रवाढ व्याज लावता येत नाही, मिळालेल्या रकमेची पावती द्यावी लागते आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

महिला विभाग. अकरा जणी आणि एक तीन वर्षांची मुलगी. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ राहू शकते.

महिला विभागात हिशेबाची सुरुवात करून द्यावी लागली नाही. बहुतेक जणी बाहेर बचत गटात होत्या. दोघींनी गटाचे सचिवपद सांभाळले होते. नाबार्डने १९९२ मध्ये गट आणि बँक जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला, त्याला आता तीन दशके उलटली आहेत आणि त्याचे फळ अशा अनपेक्षित ठिकाणी दिसते. 'शेकडा दोन' म्हणजे वर्षाचे चोवीस, हे त्यांनी पुरुषांच्या आधी ओळखले आणि गटाचे व्याज गटातच फिरते म्हणून ते सोसते, हा फरकही त्यांनीच आम्हांला सांगितला. त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. त्यांना भेटायला कमी माणसे येतात, मनीऑर्डरी कमी येतात आणि बाहेर ठेवलेले दागिने, गटातली शिल्लक, घरकुलाचा हप्ता हे सारे आता कुणाच्या हातात आहे, हे त्यांना कळत नाही. सचिव राहिलेल्या एका बाईंनी गटाला पत्र लिहायचे ठरवले. अर्धा तास घेऊन तिघींनी मिळून मसुदा केला आणि त्यात मागणी एकच ठेवली : माझ्या नावावरच्या रकमेचा लेखी उतारा पाठवा.

मुलीच्या आईने विचारले, "हिच्या नावानं काही सुरू करता येईल का?" सुकन्या समृद्धीचे खाते दहा वर्षांखालील मुलीच्या नावे वर्षाला किमान २५० रुपये भरून चालवता येते, असे साहेबांनी सांगितले. कागदपत्रांत मुलीच्या जन्मदाखल्यावर गाडी अडली. तो सासरी आहे. कल्याण अधिकाऱ्यांमार्फत दाखल्याची नक्कल मागवण्याचा अर्ज आजच दिला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

झडतीमुळे वर्ग झाला नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बँक खात्यांचे काम. ज्यांच्याकडे कोणतीही कागदपत्रे नाहीत त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या 'ओळख पडताळणी' निर्देशांत 'छोट्या खात्या'ची सोय आहे आणि त्यात बंद्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सही किंवा अंगठा कारागृहाच्या प्रभारी अधिकाऱ्यासमोर घ्यायचा, त्या अधिकाऱ्याने तो साक्षांकित करायचा आणि दरवर्षी राहण्याच्या पत्त्याचा दाखला द्यायचा, की खाते चालू राहते. या खात्यावर कोणत्याही वेळी ५०,००० पेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही, वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही आणि महिन्याला दहा हजारांपर्यंतच रक्कम काढता येते. बंद्याच्या मजुरीला एवढी मर्यादा पुरून उरते.

ज्या शाखेत गेलो तेथे ही तरतूद कोणालाच माहीत नव्हती आणि आम्हांला दोनदा परत पाठवण्यात आले. तिसऱ्या खेपेला साहेबांनी निर्देशांचे ते पान छापून, तो परिच्छेद अधोरेखित करून नेला आणि व्यवस्थापकांसमोर बसून शांतपणे वाचून दाखवला. अर्ज स्वीकारले गेले. ज्या माणसाने आयुष्यभर खिडकीच्या आत बसून काम केले, तो नऊ अनोळखी माणसांसाठी खिडकीबाहेर तीन वेळा उभा राहिला, हे मला लिहून ठेवावेसे वाटते.

जुन्या खात्यांबद्दल : दोन वर्षे व्यवहार न झाल्यास खाते निष्क्रिय होते, पण पैसे बुडत नाहीत. निष्क्रिय खात्याला किमान शिल्लक नसल्याचा दंड लावता येत नाही आणि ते पुन्हा चालू करण्यासाठी शुल्कही घेता येत नाही. दहा वर्षांनंतर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जाते, तरी खातेदाराला किंवा वारसाला ती बँकेकडूनच परत मागता येते.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकील सोबत होत्या. विषय जामिनाचा पैसा.

जामीन मंजूर होऊनही आत राहिलेली दोन मुले न्यायाधीन वर्गात आहेत. एकाला रोख रक्कम भरता येत नाही, दुसऱ्याला ऐपतीचा दाखला असलेला जामीनदार मिळत नाही. वकीलबाईंनी सांगितले की ३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार, जामीन मिळून सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी प्राधिकरणाला कळवायचे असते, आणि महिनाभरात हमी देता आली नाही तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. केंद्राच्या २०२३ च्या गरीब बंद्यांसाठीच्या योजनेत, काही गंभीर कायद्यांखालील प्रकरणे वगळता, २०२३ च्या मूळ नियमांनुसार न्यायाधीन बंद्याला ४०,००० पर्यंत आणि दंड न भरल्यामुळे आत असलेल्या सिद्धदोष बंद्याला २५,००० पर्यंत मदत मिळू शकते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार प्रथमच गुन्ह्यात अडकलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याच्या सुटकेचा अर्ज होऊ शकतो. मृत्युदंडाच्या वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेल्यांना हे लागू नाही.

दोघांचेही अर्ज भरून घेतले. विधी सेवेचा १५१०० हा क्रमांक सर्वांनी पाठ केला, कारण आत चिठ्ठी हरवते. ज्याला अर्थसाक्षरता म्हणतात तिचा पहिला धडा कित्येकांसाठी हाच असायला हवा, असे माझे मत होत चालले आहे. वीस हजारांपायी माणूस सहा महिने आत राहतो, तेव्हा त्याची बुडालेली मजुरी, घरच्यांच्या फेऱ्या आणि तुटलेला धंदा हे सारे त्या वीस हजारांचे व्याजच असते.

मंगळवार, ४ मार्च

यूपीआय २०१६ साली आले. जन्मठेपेचे काहीजण त्याच्या आधीपासून आत आहेत. रजेवर जाऊन आलेल्यांनी चौकोनी ठिपक्यांचे कागद पाहिले आहेत, पण वापरलेले नाहीत. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून पुठ्ठ्याचे वीस फोन बनवले. प्रत्येकात पडद्याची सहा चित्रे सरकवून बदलता येतात : रक्कम, नाव, पिन, यशस्वी, अयशस्वी आणि 'पैसे मागितले आहेत'. सर्वांत जास्त वेळ शेवटच्या चित्राला दिला. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. हे वाक्य एकेकाने पुठ्ठ्याच्या पाठीवर आपल्या हाताने लिहिले. सुतारकाकांनी सर्वांचे पुठ्ठे गोळा करून कडा घासून दिल्या, पुढच्या तुकडीला टिकावेत म्हणून.

फसवणूक झाली तर लगेच १९३० या मदत क्रमांकावर कळवायचे. रक्कम पुढे सरकण्याआधी ती थांबवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

मंगळवार, १८ मार्च

सुटकेच्या दिवसाची तालीम. ग्रंथालयाचे दार हेच फाटक मानले. सुटणाऱ्याच्या हातात साठलेली मजुरी असते, नवे कपडे असतात आणि कित्येकदा बाहेर जुनी गाडी उभी असते. "पार्टी दे" हे पहिले वाक्य आणि "काम आहे एक" हे दुसरे. दोन्हीला कसे उत्तर द्यायचे याचा सराव केला. ज्यांच्याकडे घरी जाण्याचा निश्चित पत्ता नाही, त्यांची यादी वेगळी केली. मुंबई परिसरात अशा माणसांसोबत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून काम करतो, आणि तेथे जाणाऱ्या दोघांसाठी पत्रे दिली.

वीस वर्षांच्या शिक्षेनंतर मे महिन्यात सुटणाऱ्या एका आजोबांनी तालमीत फाटक ओलांडायला नकार दिला. ते उंबऱ्यापाशी उभे राहिले. कोणी घाई केली नाही. नंतर त्यांनी विचारले, "एस.टी.त आता तिकीट कोण देतं? कंडक्टरच ना?" हो म्हटल्यावर ते येऊन जागेवर बसले.

शुक्रवार, २८ मार्च

शिवणकामातल्या तरुणाची मुलाकात काल झाली. जानेवारीनंतरची ही तिसरी. पहिल्या भेटीत त्याला आकडा मिळाला. दुसऱ्या भेटीत आईच्या पाटल्या ट्रंकेत पडून आहेत, हे कळले. बहिणीच्या लग्नासाठी राखलेल्या म्हणून त्यांचा विषय घरात निघत नव्हता. पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवून सावकाराचे चाळीस हजार एकरकमी फेडायचे, दरमहा सावकाराला जाणारे दोन हजारच पतसंस्थेच्या हप्त्याला लावायचे आणि लग्नाआधी पाटल्या सोडवायच्या, असा बेत त्याने कागदावर मांडून भावाला काचेतून दाखवला. सावकार पावती द्यायला तयार नव्हता. निबंधक कार्यालयात जातो म्हटल्यावर त्याने ती लिहून दिली आणि सही केलेला कोरा धनादेशही परत केला. काल भावाने तो फाडलेला धनादेश काचेला लावून धरला होता.

पाटल्या मोडायच्या नाहीत, तारण ठेवायच्या, हे आईला समजावायला सर्वांत जास्त वेळ लागला, असे त्याने सांगितले. ते त्याने स्वतः समजावले, आम्ही नाही.

मंगळवार, ८ एप्रिल

तुकडीचा शेवटचा वर्ग. जामिनाच्या दोन अर्जांपैकी एकाचा निर्णय झाला आणि तो मुलगा गेल्या गुरुवारी घरी गेला. दुसरा अर्ज समितीपुढे आहे. छोट्या खात्यांपैकी सात सुरू झाली, दोन अंगठ्याच्या ठशांसाठी परत आली आहेत. जन्मदाखल्याची नक्कल अजून आलेली नाही. ग्रामपंचायतीला स्मरणपत्र पाठवायचे आहे. महिला विभागातल्या बाईंना गटाने उतारा पाठवला. शिल्लक त्यांच्या अंदाजापेक्षा कमी निघाली, पण खाली नव्या सचिवांची सही आणि 'तुमची जागा ठेवली आहे' अशी ओळ होती.

अधीक्षकांनी आमची विनंती मान्य केली असून या महिन्यापासून काम करणाऱ्या प्रत्येक बंद्याला महिनाअखेरीस खात्याचा छापील उतारा मिळणार आहे. पहिले उतारे आज वाटले गेले. सुतारकाकांना मागच्या ऑक्टोबरपासूनचा उतारा मिळाला. त्यांनी बिस्किटांच्या पुड्याचा कागद शेजारी ठेवून बोटाने एकेक ओळ ताडून पाहिली आणि दिवाळीच्या आठवड्यात येऊन थांबले. शेजारच्या पथारीवरच्या मुलाला घरून काहीच आले नव्हते, म्हणून त्यांनी आपल्या नावावर फरसाणाचा एक पुडा घेऊन त्याला दिला होता आणि तो लिहायचा राहून गेला होता. पेन्सिल मागून घेऊन त्यांनी उजव्या रकान्यात 'फरसाण, २६' असे लिहिले आणि महिन्याची बेरीज पुन्हा केली.